जुळ्यातल्या एकालाच ऑक्सिजन लागला, मग डोळ्यांची तपासणी दोघांची कशाला?

घणसोलीचा_मामा:
नमस्कार मंडळी. ताईला जुळं झालंय, दोघंही मुलगे, ३१ आठवड्यांचे. थोरला १५६० ग्रॅम, धाकटा १२४० ग्रॅम. धाकटा ११ दिवस सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारं यंत्र) होता, मध्ये इन्फेक्शन झालं, एकदा रक्त चढवलं. तो अजून ठाण्यात एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. थोरल्याला पहिले काही तास सोडले तर ऑक्सिजन लागलाच नाही आणि तो परवा घरी आला. आज दोघं २४ दिवसांचे.

डिस्चार्ज कार्डावर सगळ्यात खाली पेनने लिहिलंय, "आरओपी, ४ आठवडे". मला वाटलं लस असेल, पण तो वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. काल धाकट्याला बघायला गेलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात, मोठ्यालाही घेऊन या. घरी येऊन हे सांगितलं आणि वादाला तोंड फुटलं. दाजी म्हणतात, ज्याला ऑक्सिजन दिलाच नाही त्याचे डोळे कसे बिघडतील? आणि धाकट्याचे बिघडले तर ते हॉस्पिटलने दिलेल्या ऑक्सिजननेच, असंही तेच म्हणतात. आमची आई म्हणते, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर जाणार नाही, त्यात हा पाऊस. ताई नुसती रडते.

थोरला ट्यूबलाइटकडे टकामका बघतो. डोळे स्वच्छ दिसतात. दोन आठवडे थांबलं तर चालेल का?

नौपाड्याचे_काका:
अहो, एवढ्याशा बाळाला दिसतं तरी काय? तिसऱ्या महिन्यापर्यंत नजर ठरत नाही. आमचा पुतण्या आठव्या महिन्यातलाच, कुठलीही तपासणी केली नाही, आज बँकेत आहे. हल्ली सगळ्याच्या तपासण्या निघाल्यात. तिसरा महिना भरला की दाखवा.

कळव्याची_आई:
काका, राग मानू नका, पण हाच सल्ला मला २०१९ मध्ये चार जणांनी दिला होता आणि मी तो ऐकला.

माझा मुलगा ३० आठवड्यांचा, १३५० ग्रॅम. २२ व्या दिवशी घरी आला. कार्डावर अशीच एक ओळ होती. मी कार्ड लशीच्या फाइलमध्ये ठेवलं आणि सव्वा महिना संपायची वाट बघत बसले. ४१ व्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी डोक्यावर दिवा लावला, हातात भिंग धरलं, उजवा डोळा बघितला, डावा बघितला, पुन्हा उजवा बघितला. मग विचारलं, "आज काय खाऊन आलात तुम्ही? बसा जरा." तिसरी स्टेज, आणि शिरा फुगून नागमोडी झालेल्या. दुसऱ्याच दिवशी लेझर. दोन-तीन दिवसांत व्हायलाच हवं म्हणाले, पुढे पडदा सुटायला लागला तर फारसं काही हातात उरत नाही. आणि आदल्या रात्रीपर्यंत माझं पोर ट्यूबलाइटकडेच बघत होतं, तुमच्या भाच्यासारखं. बुबुळ स्वच्छ, पाणी नाही, लाली नाही. दुखणं असतं मागच्या पडद्यावर, ते आईला दिसत नाही.

ऑक्सिजनचं मी डॉक्टरांना विचारलं होतं, कारण आमच्याकडेही दोष त्यालाच दिला होता. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात साधारण चौथ्या महिन्यात मधून निघतात आणि काठापर्यंत पोचायला नववा महिना भरावा लागतो. बाळ आधीच बाहेर आलं की काम अर्धवट. मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतलं. आमच्या इथे नव्या बिल्डिंगला पाण्याची लाइन पोचायच्या आधी लोक राहायला येतात, मग जो तो मिळेल तिथून पाइप ओढतो, कुठे गळतं, कुठे भिंत ओली होते. पडद्याच्या कोरड्या काठाचं तसंच. त्याला रक्त हवं असतं, म्हणून वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि त्या पुढे पडद्याला ओढतात. म्हणजे सगळ्यात मोठं कारण बाळ किती आधी आलं आणि किती हलकं होतं. तुमच्या दोघांचे दिवस सारखेच भरलेत ना? मग थोरला सुटला कसा?

माझा सहा वर्षांचा झालाय. उजव्या डोळ्याला उणे सहा, चष्म्याला मागून पट्टा. मासुंद्याच्या तलावपाळीवर गोळा खाताना चष्मा तीनदा पाडलाय. पण दिसतं त्याला.

वाशीची_सिस्टर:
एनआयसीयूत १४ वर्षं काढलीत, म्हणून ऑक्सिजनबद्दल लिहिते.

दाजींचं अर्धं बरोबर आहे. १९४२ मध्ये बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. पुढे कळलं की पेटीत सढळ हाताने सोडलेल्या ऑक्सिजनने पुष्कळ मुलं आंधळी झाली होती. मग तो फार आखडता घेतला, तर अंधत्व कमी झालं पण बाळं दगावू लागली. म्हणून आता मधला रस्ता. ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) आम्ही साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतो. मॉनिटरवर १०० दिसलं की काचेपलीकडचे बाबा खूश होतात आणि आत आम्ही ऑक्सिजन कमी करायला धावतो. सतत वर-खाली होणंही वाईट. पण धाकट्याला तो दिला नसता तर आज डोळ्यांची चर्चा करायला तो नसता, हे दाजींना सांगा.

धाकट्याच्या बाबतीत इन्फेक्शन, रक्त चढवणं, इतके दिवस श्वासाला आधार, हे सगळं धोका वाढवणारं. आणखी एक, जे कुणी विचारत नाही: वजन कसं वाढतंय? पहिल्या आठवड्यांत वजन रेंगाळलं की डोळ्यांचा धोकाही वाढतो. म्हणून ताईला रडणं थांबवून दूध काढायला बसवा. धाकट्याला आत्ता त्याचाच आधार आहे.

थोरल्याबद्दल. अमेरिकेत साधारण १५०० ग्रॅमपर्यंतची बाळं तपासतात. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ तपासायचं असतं, कारण आपल्याकडे त्यातल्या त्यात वजनदार बाळांनाही हा आजार होतो. ऑक्सिजन दिला का, हा प्रश्न ३४ च्या पुढच्या बाळांसाठी. आणि पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत. सव्वा महिना म्हणजे चाळीस, आजीबाईंना एवढंच गणित सांगा.

जाताना: दूध तासभर आधी पाजा, लगेच आधी नको, उलटी होते. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्याला वेळ लागतो. पापण्या उघड्या ठेवायला छोटा चिमटा लावतात, बाळ किंचाळतं, आईने आत बघायला थांबू नये. साखरपाण्याचे थेंब आम्ही देतो. डोळे दिवसभर लाल राहतील. काजळ अजिबात नको. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा, त्यात हा आजार आहे.

नौपाड्याचे_काका:
मला हे ठाऊक नव्हतं. माझा सल्ला सोडून द्या. गुरुवारी गाडी हवी असेल तर सांगा, माझी रिकामीच असते.

घणसोलीचा_मामा:
काका, तुमच्याच गाडीने गेलो हे इथेही लिहितो. आई शेवटपर्यंत नाही म्हणत होती. मग सिस्टरचं तीस आणि चाळीसचं गणित कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. गप्प झाली, मीठ-मोहरीने दृष्ट काढली आणि स्वतःच पुढच्या सीटवर जाऊन बसली. खारेगावला अर्धा तास ट्रॅफिक.

थोरला: आजार नाही, पण वाहिन्या काठापर्यंत पोचलेल्या नाहीत, दोन आठवड्यांनी परत. धाकटा: दोन्ही डोळ्यांत दुसरी स्टेज. लेझर आत्ता नको, पुष्कळदा आपोआप उतरतं म्हणाले, पण दर आठवड्याला बघणार. दाजी तिथे एक शब्द बोलले नाहीत. येताना त्यांनी दोन्ही कार्डांचे फोटो काढून मोबाइलच्या स्क्रीनवर लावलेत.

एक विचारायचं होतं. दोघांच्या तारखा वेगळ्या पडल्या. सोयीसाठी एकाच दिवशी घेता येतील का?

वाशीची_सिस्टर:
थोरल्याला लवकर आणलंत तर चालेल. धाकट्याची तारीख मात्र पुढे ढकलू नका. वजन किती झालं त्याचं?

घणसोलीचा_मामा:
आज सकाळी १४१०.