साडेतीन लाख जमलेत, सोलापुरात नेमके कुठे घालावेत?

जुळे सोलापूरकर
बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आम्ही अकरा जण सकाळी फिरायला जातो, त्यांनी मिळून शहराच्या भल्यासाठी साडेतीन लाख जमवले. आता वाद चाललाय. एकाला बाकं हवीत, एकाला शाळेत वह्या. मी म्हटलं, आधी शहराला काय दुखतंय ते मोजू. अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल शहरात १९८५ पासून नागरिकच राहणीमानाचा अहवाल काढायचे, काय मोजायचं तेही तेच ठरवायचे. टोरांटोत २००१ पासून एक देणगी संस्था असाच अहवाल काढते, दात्यांना दिशा मिळावी म्हणून. आपल्याकडे काय मोजावं?

आकडेमोड
काका, केंद्राचा सुलभ जीवन निर्देशांक आहे की. २०१८ मध्ये १११ शहरांत पुणे पहिलं आलं होतं. २०२० च्या खेपेला नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन दिलं. पण तो शहरं शहरांशी ताडून बघतो. तुम्हाला पेठ पेठेशी ताडायचीय. साडेनऊ लाखांच्या गावाला (२०११ ची जनगणना) एकच गुण दिला तर त्यात सधन होटगी रोड आणि कामगारांचं नीलमनगर एकाच ताटात येतात.

कडक भाकरी
स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत होतो आपण, २०१६ ला. मोजून मोजून काय झालं बे? नळ कोरडाच.

पूर्व भागातली
भाकरीदादा, नळाचंच सांगते.

माझी आई विड्या वळते. मजुरी हजारावर. सकाळी पानं भिजवायची, कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते संध्याकाळपर्यंत. आमच्याकडं पाणी चार दिवसांआड, कधी पाच. तेही रात्री दोनला, नाहीतर ऐन दुपारी. त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, अगदी पिठाचा रिकामा डबासुद्धा. आईच्या विड्या त्या दिवशी सातशेच्या पुढं जात नाहीत. म्हणजे तीनशे विड्यांची मजुरी पाण्यात गेली, अगदी अक्षरशः.

कागदावर हे कुठं दिसतं? माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप. उजनीतून किती उपसलं आणि त्याला लोकसंख्येनं भागलं की काहीतरी आकडा येतोच. वेळ कुणी मोजत नाही. पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, भरायला कोण उठलं, त्या दिवशी कुणाचं काम बुडालं, एवढे चार रकाने करा. हजार घरं नकोत, एका गल्लीतली चाळीस पुरेत. पण तीन महिने सलग लिहा, एका दिवसाच्या पाहणीत फक्त चहा होतो.

आणि वह्या नकोत हो. दरवर्षी जूनमध्ये तीन तीन ठिकाणांहून येतात. मागच्या साली माझ्या भाच्याकडं अठरा वह्या आणि एक पेन होता.

आकडेमोड
हे आवडलं. रकाने मी बनवून देतो, मोबाईलवर भरता येतील असे. हाच कागद एखाद्या कारखान्यापुढं ठेवला तर? मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्यानं नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावेच लागतात, आणि त्यांनाही बाकांशिवाय काही सुचत नाही.

कडक भाकरी
म्हणजे शेवटी गल्लीत पाण्याच्या टाक्याच देणार ना? पण टाक्या बसवणं महापालिकेचं काम. तुम्ही दिल्या की ते हात झटकणार.

जुळे सोलापूरकर
तेही खरंय. म्हणून अजून टाक्या नाहीत, आधी नोंद. तीन महिने लिहिणाऱ्या मुलींना मानधन द्यायचं, बाकीचे पैसे बँकेत राहतील. बाकवाले दोघं रुसलेत, बघू. पूर्व भागातली ताई, आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं आणि मोटर लावायला मीच उठतो, एवढीच माझी तक्रार होती. चाळीस घरं तुम्ही सुचवा. या रविवारी दहाला आम्ही तिघं येतो.

पूर्व भागातली
या की काका. पण रविवारी नको, आमची पाण्याची पाळी आहे. सोमवारी या.