मदत हवी आहे: काळ्या कुत्र्याचे डोळे आणि केस दोन्ही कसे टिपायचे?

मंडळी, कुत्र्यांची छायाचित्रं हेच आपलं काम असं मनाशी पक्कं केलंय, पण गाडी काळ्या कुत्र्यांपाशी अडलीये.

फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स. दीड मीटरवरून एफ/१.८ ला (लेन्सचं छिद्र मोठं) फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम ३ सेंमी मिळते. लांब तोंडाच्या कुत्र्यात नाक ते डोळा हे अंतर त्याहून जास्त, त्यामुळे फोकस ओल्या, चमकत्या नाकावर बसला की डोळे गेलेच. एफ/५.६ ला (छिद्र लहान) खोली १० सेंमीच्या आसपास जाते, पण प्रकाश सव्वातीन स्टॉप घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). धावत्या कुत्र्याला शटर १/१६०० सेकंद तरी हवंच. मग सगळा भार आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता), आणि काळ्या केसांत नॉइज (दाणेदारपणा) लगेच उठून दिसतो.

फ्रेमभर काळा रंग असला की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर त्याला करडा करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −१ (एक स्टॉप कमी प्रकाश) ठेवतो. तेवढ्याने सावलीकडचे केस नुसता डाग होतात. मोकळ्या सावलीत वर आकाशाची निळसर झाक येते, ती वेगळीच.

फ्लॅश नको आहे; डोळ्यांत हिरवी चमक येते आणि बुजरी कुत्री दचकतात.

डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका यावा म्हणून पांढरा रिफ्लेक्टर जमिनीवर आडवा ठेवता की बाजूला उभा? आणि काळ्या चेहऱ्यावर प्राण्यांचा आय-फोकस (कॅमेरा आपोआप डोळा शोधतो तो) चुकतो तेव्हा सिंगल पॉइंटवर (आपण निवडलेला एकच फोकस बिंदू) जाता का? धावत्या कुत्र्यावर तो पॉइंट टिकवायचा कसा, हे कुणी नीट सांगितलं तर फार बरं होईल.