मदत हवी आहे: द्राक्षघडाच्या डिपिंगचा (औषधात बुडवायचा) कप केलाय, पेटंट आधी की विक्री आधी?

बागवाला_तासगाव
घाई आहे म्हणून सरळ विचारतो. कप तयार आहे, छाटण्या तोंडावर आल्यात. पेटंट काढू, स्वतः विकू, की हक्क देऊन मोकळा होऊ? एक पार्टी रोज फोन करतीय. लवकर सांगा.

कुपवाडचा_फिटर
कप म्हंजे? मगात घड बुडवतात त्यापेक्षा वेगळं काय? खर्च किती?

बागवाला_तासगाव
द्राक्षाचा ओ, दुसरा कसला. घडाखाली धरून बटण दाबलं की जीएचं (जिब्रेलिक ॲसिड, मणी फुगवायचं औषध) पाणी वर चढतं, सोडलं की आतल्या झडपेतून पाठीवरच्या टाकीत परत. मांडवाखाली हात वर करून बायकांच्या कोपरापर्यंत ओघळ येतो, तो बंद. नगाला नऊशे पडतात.

आबा_पलूस
पेटंटच्या नादी लागू नका. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला लोक म्हणायचे, जमिनीला विष लागंल. तरी विकलाच की. १९१० ला आमच्या शेजारी त्यांची किर्लोस्करवाडी उभी राहिली ती काय कागदावर?

कागदवाली_सातारा
आबा, तेव्हा रील नव्हत्या. दादा, कप कुणाकुणाला दाखवलाय?

बागवाला_तासगाव
जानेवारीत रील टाकलीय, लई चालली. त्याचा काय संबंध?

कागदवाली_सातारा
सगळा संबंध तिथंच आहे. अर्जाआधी जगजाहीर झालं की नावीन्य गेलं. रीलमध्ये झडप दिसते का?

बागवाला_तासगाव
नाही, बाहेरूनच आहे. झडप लेथवाल्यानं सुचवली.

कुपवाडचा_फिटर
मग संशोधक तो पण! अर्जात त्याचं नाव घाला, नाहीतर उद्या तोच उभा राहील. आमच्याकडं असंच झालंय, भाऊबंदकीपेक्षा वाईट.

मिरजेची_माई
द्राक्ष सोडा, हळद लावा. औषधांच्या बिलानं आमचं कंबरडं मोडलं.

कागदवाली_सातारा
माई, हळदीचा धागा वेगळा आहे. दादा, झडप उघड झाली नसेल तर त्यावर अजून जागा आहे. आधी तात्पुरता अर्ज टाका, ऑनलाइन, व्यक्तीला फी १,६००. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. त्या पार्टीला नमुना किंवा ड्रॉइंग द्यायचं नाही, आधी गोपनीयतेचा करार. एकही विकला नाहीये ना?

बागवाला_तासगाव
चार दिलेत फक्त. ओळखीत. पैसे घेतले, पण ओळखीतच.

कागदवाली_सातारा
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं! नुसती शेतातली चाचणी असती तर पेटंट कायद्याच्या कलम ३२ खाली १ वर्षापर्यंत बचाव करता आला असता. विक्री ही चाचणी नव्हे. कधी विकले, पावती दिली का, कुणी झडप उघडून पाहिली का, हे लिहून काढा आणि पेटंट एजंटला खरं सांगा. तोवर विक्री बंद.

आबा_पलूस
आणि हंगाम निघून जाईल तो? २० वर्षांचा हक्क घेऊन पुढच्या दिवाळीला पूजा करायची का?

कुपवाडचा_फिटर
आबा बरोबर आहेत. पेटंट मिळालं तरी कोर्टात भांडायला पैसा कुठून? मी म्हणतो पत्र्याऐवजी प्लास्टिकचा साचा काढा, नगाला तीनशे वाचतील.

बागवाला_तासगाव
प्लास्टिकचाच आहे.

सोनाकावाला_कवठेमहांकाळ
धागा सगळा वाचला नाही. कप भारी वाटतोय. दोन एकर सोनाका द्राक्ष आहे, मला दोन पाठवाल का? पैसे लगेच टाकतो.

कागदवाली_सातारा
दादा, नाही म्हणा.

बागवाला_तासगाव
दोन पुरतील का तीन देऊ?