पेसिमाला बोर म्हणू नका राव

दादा, तुम्ही वर लिहिलंय की बीमएनजी (गाड्या चालवायचा कॉम्प्युटर गेम) मधली इबिशु कंपनीची पेसिमा म्हणजे निव्वळ ऑफिसला जायची गाडी, मजा नाही. मला हे अजिबात पटलं नाही. मी सहा महिने झाले तीच चालवायलोय, ८८ चं मॉडेल पण अन् ९६ चं पण, अन् दोन्हीत लै फरक जाणवतो. जपानी सेडान म्हणजे नेमकं काय ते त्या ८८ वाल्या चौकोनी गाडीत कळतं. आमच्या मामाकडं लातूरला जुनी लान्सर होती, तिच्यात मागं बसून मांजरसुंब्याचा घाट उतरताना जसं अंग डोलायचं ना, अगदी तसंच.

साधी पेसिमा फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे पुढची चाकं गाडी ओढतात, म्हणून वळणात जास्त रेस दिली की नाक बाहेर पळतं, तिथं ॲक्सिलरेटर थोडा सोडायचा, आपोआप आत येते. अन् समोरून हलकं जरी ठोकलं तरी गेम लगेच रिस्टार्ट मारू नका, रेडिएटर फुटला असंल तर कूलंट गळत जातं अन् इंजिन हळूहळू तापतं, तेवढ्यात घरी पोचायचं. मागच्या चाकांनी ढकलणारीच गाडी पाहिजे असंल तर इबिशुचीच जुनी मिरामार घ्या, साठच्या दशकातली, लै गोड गाडी आहे.