फोटो काढून झाल्यावर काय झालं? (अनुभव धागा : खानदेशातले सेवाक्लब)

१ जुलै जवळ आला की आमच्याकडच्या छापखान्यांत पदग्रहणाच्या पत्रिकांची गर्दी होते. रोटरी काय नि लायन्स काय, दोघांचंही वर्ष त्याच दिवशी सुरू होतं. जुन्या अध्यक्षाच्या गळ्यातली कॉलर नव्याच्या गळ्यात जाते आणि दोन दिवसांनी पेपरात सोळा माणसं, पोटं आत ओढून, एका फोटोत. गेली सतरा वर्षं त्या सोळांत मीही असतो, तेव्हा हसायचा हक्क मला आहे.

'फेलोशिप' हा शब्द क्लबात येईपर्यंत मी फक्त विद्यापीठाच्या संदर्भात ऐकला होता. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना जमवलं, आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बसायचं ठरलं, जागा फिरती म्हणून नाव रोटरी. ही झाली मूळ फेलोशिप. आमच्या जळगावात सचिवाचा मेसेज आला, "मीटिंगनंतर फेलोशिप", की पहिला प्रश्न एकच असतो : शेवभाजी की वरण-बट्टी?

माझा पहिला दंड आठवतो. आमचा सार्जंट, म्हणजे मीटिंगमध्ये शिस्त राखणारा नि दंड करणारा, बियाण्यांचा दुकानदार. कोटाला पिन लावायला विसरला की दंड, मीटिंगमध्ये मोबाइल वाजला की दंड. मला केला तो पेपरात फोटो आला म्हणून. "प्रसिद्धी फुकट मिळते का भाऊ? काढा पन्नास." वर्षाअखेरीला ती पेटी फोडून मोजली आणि मेसमध्ये वाढणाऱ्या पोराची बारावीची फी भरली. त्याचा फोटो कुणी काढला नाही. काढायचं सुचलंच नाही, हे खरं.

म्हणून हा धागा. अट दोनच : क्लबचं नाव लिहायचं नाही, आणि फोटोनंतर काय झालं ते लिहायचं.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

मी गार्ड होतो. पोलिओच्या रविवारी आमच्या क्लबची माणसं जंक्शनवर बूथ लावायची, कारण उत्तरेकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या इथून जातात आणि त्यातली लेकरं कुठल्याच गावच्या यादीत नसतात. सुट्टी असली की मीही जायचो.

लशीच्या कुपीवर एक गोल असतो, त्यात फिकट चौकोन. लस तापली की चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाला पोचला की कुपी फेकायची. भुसावळच्या उन्हात आम्ही डबा उघडताना देवाचं नाव घ्यायचो. गाडी थांबते दहा मिनिटं. तेवढ्यात जनरल डब्यात शिरायचं, लेकराच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण आहे का बघायची, नसली तर दोन थेंब. "पिला दिया, पिला दिया" म्हणत आया करंगळी पदरात लपवायच्या.

आमच्यातले एक वकीलसाहेब होते, लहानपणी पोलिओ झालेले, पायात कॅलिपर. ते समजावायला वगैरे जात नसत. डब्याच्या दारापर्यंत चालत यायचे, खांबाला टेकून उभे राहायचे, बस. बायका त्यांच्या पायाकडे बघायच्या नि पोराला पुढे करायच्या.

देशातली नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या आठवड्याच्या मीटिंगला टाळ्या झाल्या, पेढे झाले. वकीलसाहेब म्हणाले, "आता मला स्टेशनावर नेऊ नका रे बाबांनो, गुडघा फार दुखतो." इतकी वर्षं कधी बोलले नव्हते.

शहादा, गृहिणी

रोटरीत सभासदाच्या बायकोला 'ॲन' म्हणतात. माझं नाव वेगळं आहे, पण वीस वर्षं मी ॲनच. असो.

धडगावच्या बाजूला मोतीबिंदूचं शिबिर होतं. पाड्यांवरून म्हातारे-म्हाताऱ्या जीपने खाली आणायच्या, रक्तातली साखर, बीपी, मग डोळ्याची लांबी मोजून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायचा. ऑपरेशन तसं पाव तासाचं. खरा सोहळा दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्टी सोडतात तेव्हा. एक आजी होती. पट्टी सुटल्यावर तिने आधी स्वतःचे हात पाहिले, उलटे-सुलटे करून. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली नि सगळ्या पावरा (तिकडचे आदिवासी) बायका हसल्या. आमच्याकडे कामाला असलेली मोलगीकडची मुलगी दुभाषी होती. तिने सांगितलं, "त्या म्हणतात, ही बाई आवाजावरून बारीक वाटली होती."

फोटो झाला, चष्मे-गॉगल वाटले, जीप वर गेल्या. आमचे 'हे' रिपोर्ट लिहायला बसले.

महिन्याने तपासणीसाठी आम्ही पुन्हा वर गेलो. आजीचा डोळा लाल. थेंबांची बाटली कुठंय विचारलं तर छपराच्या बांबूत फडक्यात बांधून ठेवलेली, सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. औषध महागाचं, संपून जाईल, म्हणून तिने जपून ठेवलं होतं! आणि आमच्या कागदावर काय लिहिलेलं? पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, मग चार. घरात घड्याळ नाही, वाचणारं कुणी नाही, आणि कागद मराठीत. तिचं घर पावरी बोलणारं. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की येताना गाडीत मी कुणाशी बोलले नाही. आजीला लगेच सोबत घेऊन डॉक्टरांकडे आलो. डोळा वाचला, पण तो आमच्या हुशारीने नव्हे.

पुढच्या शिबिराला कागदाचं काम मी त्या मोलगीच्या मुलीवर सोपवलं. तिने 'सहा वेळा' हे काढूनच टाकलं. कोंबडा आरवला की एक थेंब, गुरं सोडली की एक, भाकर खाताना एक, गुरं परत आली की एक, असं करत झोपेपर्यंत सहा. आठवड्याचा हिशेब हाटाच्या दिवसावर : हाट झाला की त्यातला एक कमी. प्रत्येक पाड्यावर आश्रमशाळेतलं एक पोर धरलं आणि बाटली आजीच्या नाही, त्या पोराच्या ताब्यात दिली. पोरं फार कडक निघाली. एका आजोबांची तक्रार आली की नातू झोपेतून उठवून थेंब घालतो.

आता आम्ही दीड महिन्याने जवळचे चष्मे घेऊन जातो. त्या फेरीला क्लबातली तीन माणसंही येत नाहीत. उद्घाटनाला तीस असतात.

अमळनेर, शिक्षक

वृक्षारोपण. पाहुणे बदलतात, खड्डा तोच. मागच्या जुलैत ज्या खड्ड्यात लिंब लावला त्याच खड्ड्यात या जुलैत लिंब लावताना मी पाहुण्यांच्या बुटाजवळ मागच्या वर्षीची वाळकी काडी बघितली आणि हळूच पायाने सरकवली. मीच सचिव होतो.

पन्नासातली चार झाडं जगली आहेत. चारही चहाच्या टपरीसमोर. टपरीवाला कपबशा विसळलेलं पाणी त्यांना घालतो.

शिंदखेडा, शेती

मी सभासद नाही, लाभार्थी म्हणा. आमच्या गावच्या नाल्यात धुळ्याचा एक क्लब काम करायला आला. आमचे आबा पहिल्याच बैठकीत म्हणाले, "तुम्ही शहरना लोके फोटू काढीसन निंघी जातस." क्लबवाले हसले. त्यातल्या निम्म्यांच्या घरी अहिराणीच बोलतात, त्यांना बरोबर लागलं ते.

शेजारच्या शिरपूर तालुक्यात निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून, दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे घालून पाणी कसं जिरवलं, ते आम्ही जाऊन बघितलं होतं. तापीकाठी गाळाच्या थरांत पिवळी चिकण माती असते, ती पाण्याला खाली जाऊ देत नाही. वरवर खरवडून काही होत नाही, थर कापावा लागतो. आमच्याकडे पैसा होता तो वरवरचाच. मग ठरलं : पोकलेनचं भाडं गावाने वर्गणीतून द्यायचं, डिझेल क्लबने, आणि गाळ ज्याने त्याने आपल्या ट्रॅक्टरने फुकट न्यायचा.

भांडण झालं ते डिझेलवरून. ड्रायव्हर म्हणे इतकं लागलं, क्लबचे खजिनदार म्हणे इतकं लागत नाही. शेवटी आमच्या गावचे निवृत्त तलाठी नाना पुढे आले. त्यांनी बांबूच्या काठीला चाकूने खुणा केल्या आणि रोज सकाळी-संध्याकाळी टाकीत काठी बुडवून आकडा वहीत घेऊ लागले. खजिनदार दर दोन दिवसांनी धुळ्याहून स्कूटरवर यायचे, वही बघायचे, नानांच्या घरी कळण्याची भाकर न् ठेचा खायचे आणि जायचे. काम संपलं तरी माणूस येतोच आहे. त्यांच्या नातवाचं जावळ आमच्या मळ्यात झालं.

पहिला मोठा पाऊस रात्री आला. पहाटे आबांनी स्वतः खजिनदारांना फोन लावला. "भाऊ, पानी उनं," (पाणी आलं) एवढंच बोलून ठेवून दिला. नाल्याकाठच्या सहा विहिरींना फरक पडला, लांबच्यांना नाही. जे आहे ते सांगितलं.

चाळीसगाव, लॅब टेक्निशियन

रक्तदानाबद्दल क्लबवाल्यांना एक विनंती. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी नि पुढाऱ्यांचे वाढदिवस सोडा. त्या दिवशी गावात चार-चार शिबिरं असतात. लाल पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात, प्लेटलेट तर ५ दिवसच. पुरुषाने एकदा दिलं की ३ महिने देता येत नाही, बाईने दिलं तर ४. म्हणजे ऑगस्टात सगळं गाव देऊन मोकळं, नि ऐन दिवाळीत फ्रिज रिकामा आणि देणारा कुणी नाही. मेमध्ये कॉलेजं बंद, लग्नं, ऊन, तेव्हाही तेच.

आमच्या क्लबने तीन वर्षांपासून शिबिर मेमध्ये घेतलं, पहाटे साडेसहाला, पंख्याखाली. पहिल्या वर्षी अठरा जण आले. प्रांतपालांच्या (अनेक क्लबांवरच्या प्रमुखांच्या) भेटीत तो आकडा फारच बारीक दिसला म्हणे. दिसू द्या.

जळगाव, डॉक्टर

वरच्या शहाद्याच्या ताईंचं 'ॲन' वाचून लिहावंसं वाटलं. मी स्वतः सभासद आहे. रोटरीत बायकांना सभासद करण्याबाबत १९८७ साली अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, १९८९ मध्ये रोटरीने नियम बदलला, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी अर्ज केला तरी मला विचारलं गेलं, "मॅडम, इनर व्हील नाही का बरं पडणार?" (म्हणजे बायकांचा वेगळा क्लब.) पहिलं वर्षभर मला प्रत्येक कार्यक्रमात दीपप्रज्वलनाच्या वेळी काडीपेटी धरायला उभं केलं.

बदललं ते हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत. आमच्या क्लबात त्या दिवशी मळ्यात पुरुषांनी भरीत करायचं, अशी जुनी पद्धत. पांढरट-हिरवी मोठाली वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून पातीचा कांदा, शेंगदाणे, तेल. सगळे सूट-बूटवाले धुरात डोळे चोळत बसलेले. त्या वर्षी मिरची जास्त झाली. पहिला घास घेतलेल्या माजी अध्यक्षांना ठसका लागला नि सगळे दादा-भाऊ माझ्याकडे वळले, "डॉक्टर, डॉक्टर!" मी म्हटलं, दही द्या. तेवढंच औषध.

पण त्या रात्री शेकोटीजवळ एका सभासदाने, ज्याच्याशी माझं जेमतेम बोलणं होतं, बायकोला छातीत गाठ लागलीय हे सांगितलं. तीन महिने घरातच ठेवलं होतं दोघांनी. मंगळवारच्या मीटिंगमध्ये, घंटा वाजवून, अजेंडा वाचून, हे कधीच बाहेर आलं नसतं. जेवणावळींवर टीका मीही करायची. आता जरा जपून करते. (ताई बऱ्या आहेत. यंदा भरताची मिरची त्यांनीच मोजून दिली.)

नंदुरबार, किराणा दुकान

माझ्या दुकानामागच्या खोलीत क्लबचं रुग्णसाहित्य असतं. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या. कोरोनानंतर ऑक्सिजनची यंत्रं पण आली, ती बहुतेक पडून आहेत. उद्घाटनाला आमदार आले होते, त्यांना व्हीलचेअरवर बसवून फोटो काढला. त्यांनाही कळेना हसावं की नाही.

काम म्हणजे एक रजिस्टर. नेल्याची तारीख, अनामत, परत आल्याची तारीख. शेवटच्या रकान्यावरून मला घरात काय झालं ते कळतं. वॉकर पंधरा दिवसांत परत आला तर माणूस चालायला लागला. पलंग अचानक परत आला तर विचारायचं नाही, गादी बाहेर उन्हात टाकायची आणि चहा मागवायचा. काही जण अनामत परत घेतच नाहीत. "राहू द्या शेठ, पुढच्याला लागेल." त्यांची पावती वेगळ्या पाकिटात ठेवतो, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी मागायला येतंच, आणि त्यात चूक काही नाही.

एका मावशींनी कमोड खुर्ची परत आणली ती चिंचेने घासून, हळदकुंकू लावून. सासूची वर्षभर सेवा त्या खुर्चीवर केली म्हणे. मी ती तशीच ठेवली आठवडाभर, मग पुसली, कारण नवापूरचा माणूस न्यायला आला होता.

आत्ता बाहेर आहे ते : तीन पलंग, पाच वॉकर, चौदा नंबरची व्हीलचेअर. चौदा नंबरचं डावं चाक वाजतं, सायकलवाल्याला दाखवायचंय. तळोद्याकडचं कुणी हे वाचत असेल नि ती तुमच्याकडे असेल, तर येताना घेऊन या, दुरुस्त करून लगेच परत देतो.