मदत हवी आहे: पुढचा मडफ्लॅप आणि साइड रेल, दोघांना जागा एकच. ब्रॅकेट कुठे धरू?

नमस्कार मंडळी,

गाडी लॅडर फ्रेमवाली फोर बाय फोर आहे. चासी वेगळी, बॉडी रबर माउंटवर. सस्पेन्शन मूळचंच, उंची वाढवलेली नाही. टायर मात्र २४५/७० आर १६ काढून २६५/७० आर १६ टाकलेत, रिम तेच ठेवून. हिशेबाने व्यास २८ मिलिमीटर वाढला आणि रुंदी २०. वाचायला किरकोळ वाटतं, पण पुढच्या चाकामागे जी काही मोकळी जागा होती ती यातच गेली.

आधी झालेली गोष्ट सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. दगडाळ चढावर गाडी पुढे जाईना म्हणून सरळ मागे घेतली. मागच्या डाव्या चाकाचा मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे लोंबणारा रबरी पडदा, दगड आणि टायर यांच्यामध्ये सापडला, चाक त्याच्यावर चढलं आणि त्याला खाली ओढत गेलं. फ्लॅपचं रबर जाड होतं, ते फाटलं नाही. फाटलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्याऐवजी फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड वाकली आणि दोन्ही स्क्रू पत्र्यातून उपटून आले. तिथेच उजवी साइड रेलही दगडावर टेकली. तिला रेल म्हणायचं इतकंच, खरं म्हणजे ती पातळ पाइपची फूटस्टेप, ब्रॅकेट सिलच्या (दारांखालच्या पोकळ पट्टीच्या) पत्र्यात अडकवलेले. गाडीचा भार येताच ती वर वळली आणि सिलला चिकटली. आता मागचं दार उघडताना खालून घासतं.

गाडी धुतली तेव्हा खरं दुखणं दिसलं. रेल आणि सिलमधल्या फटीत चिखल विटेसारखा घट्ट बसला होता. स्क्रूड्रायव्हरने टोकरून टोकरून काढला, तर मूठभर ढेकळामागे सिलमधलं पाणी निचरायचं भोक निघालं. ते मोकळं होताच तांबूस पाणी ठिबकायला लागलं, आणि बराच वेळ ठिबकतच राहिलं. बाहेरून रंगाला ओरखडा नाही आणि आत पत्रा गंजतोय, हे पाहून फार वाईट वाटलं. गाडी जिवापाड जपते मी.

म्हणून फूटस्टेप काढून टाकायच्या आणि चासीला धरलेले दणकट स्लायडर, म्हणजे दगडावर टेकून घसरता येईल अशा पाइपच्या रेल, बसवायचे ठरवलंय. मडफ्लॅपही चारही नवे. फ्लॅप लावूच नका असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. या टायरच्या रुंद खाचांतून सुटलेली खडी दारांचा आणि सिलचा रंग उडवते, आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर जाऊन बसते. आपल्या हौसेचा त्रास दुसऱ्याला का?

पाइप आणलाय: बाहेरचा व्यास ४८ मिमी, जाडी ३ मिमी, एका बाजूला तीन पाय. पाय जमिनीला समांतर न ठेवता बाहेरच्या टोकाकडे साधारण १५ अंश वर उचललेत, म्हणजे गाडी दगडावरून घसरताना रेल दाराच्या आधी टेकेल. सिल आणि रेलमध्ये बोटं सहज जातील एवढी फट ठेवली आहे. पुन्हा तिथे चिखल साचू द्यायचा नाही.

अडचण पुढच्या टोकाला येते. चाक सरळ असताना टायर आणि रेलचं टोक यांत ५५ मिमी मिळतात, स्टेअरिंग फुल लॉकला नेलं (शेवटपर्यंत वळवलं) की २२. त्यात ६ मिमी जाडीचा रबरी फ्लॅप, त्याची पट्टी आणि बोल्टची डोकी बसवायची आहेत.

फ्लॅप आधीसारखा फेंडरच्या कडेला आणि लायनरला (फेंडरच्या आतल्या अस्तराला) टांगू, की रेलच्या टोकालाच पट्टी वेल्ड करून त्यावर घेऊ? मला दुसरं आवडतं, पत्र्यात नवी भोकं पडत नाहीत. शिवाय चासी बॉक्स सेक्शनची (चौकोनी, आतून पोकळ) आहे, तर रेलचे पाय वेल्ड करावेत की आरपार बोल्टने धरावेत? आणि रिव्हर्स घेताना मागचा फ्लॅप वाचवायचा कसा?

प्रतिसाद

ताई, मापं दिलीत हे उत्तम केलंत, नाहीतर अंदाजानेच बोलावं लागतं.

फ्लॅप रेलवर घ्या किंवा बॉडीवर घ्या, पण कुठल्या तरी एकावरच. वरची पट्टी फेंडरला आणि खालचा आधार रेलला, असं करू नका. बॉडी रबरावर डुलते, चासी आपली पीळ खाते. खडबडीत रस्त्यावर दोघांत काही मिलिमीटरचा फरक सतत पडत राहतो आणि तो ताण सगळा फेंडरच्या पत्र्यावर येतो. काही महिन्यांत स्क्रूभोवती तडा दिसायला लागतो. तुमच्या जुन्या फूटस्टेपचंही तेच, सिलचा पत्रा गाडीचा भार घेण्यासाठी नसतोच.

रेलवर घेणार असाल तर आधी रेलचं टोक मागे घ्या. २२ मिमी हे सपाट जमिनीवरचं माप आहे. एका पुढच्या चाकाखाली रॅम्प घाला, स्प्रिंग पूर्ण दबू द्या आणि तसंच दोन्हीकडे फुल लॉक मारून मोजा. चाक वर जाताना थोडं मागेही सरकतं, त्यामुळे ही जागा आणखी कमी भरेल. मी टोक ४० मिमी कापून ४५ अंशांत तिरकं करीन आणि त्यावर पत्र्याचं झाकण वेल्ड करीन. उघडं टोक ठेवू नका, चिखल भरतो. आणि पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी एक छोटं भोक ठेवाच, आत गेलेल्या पाण्याला वाट हवी.

चासीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बोल्ट. वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतीचं पोलाद बदलतं, आतला गंजरोधक थर जळतो, आणि तिथे तुम्हाला पुन्हा रंग पोचवता येत नाही. बोल्ट आरपार घ्यायचा तर बॉक्सच्या आत स्लीव्ह टाका, म्हणजे बॉक्सच्या आतल्या रुंदीएवढा कापलेला जाड पाइपचा तुकडा. तो नसेल तर नट आवळताना दोन्ही भिंती आत दबतात. तुम्हाला वाटतं बोल्ट घट्ट झाला, प्रत्यक्षात चासी चेपत असते. भोक पाडायचंच असेल तर उभ्या भिंतीच्या मध्यावर पाडा. वरच्या आणि खालच्या बाजूला हात लावू नका, वाकताना सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. शक्यतो मूळची भोकं वापरा. ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट, जाड वॉशर, नायलॉकचे नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे). ड्रिल लावण्याआधी बॉक्सच्या आत आणि मागे काय आहे ते हाताने चाचपून बघा, ब्रेकचा पाइप, इंधनाची लाइन आणि वायरिंग बऱ्याच गाड्यांत तिथूनच जातात. पाडलेल्या भोकाची कड प्रायमरने भरा आणि आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण) मारा. सिलमध्येही मारा, पण आधी चांगलं सुकू द्या.

रेलला पट्टी वेल्ड कराल तेव्हा रेल गाडीवरून उतरवूनच करा. ते जमणारच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ धरा.

प्रतिसाद

मागच्या फ्लॅपपुरतं सांगतो. त्याला वर उचलायची सोय करा. खालच्या कडेपासून थोडं वर दोन भोकं, त्यांत पितळी रिंग, आणि तिथून चासीपर्यंत बारीक साखळी किंवा पट्टा. डोंगरात शिरण्याआधी ओढून हुकात अडकवायचा, रस्त्यावर आलात की सोडायचा. रस्त्यावर जमिनीपासून १५० ते २०० मिमी उंची ठेवा. वरची पट्टी मऊ पोलादाची घ्या आणि बोल्ट मुद्दाम छोटे लावा, म्हणजे फ्लॅप पुन्हा सापडला तर बोल्ट तुटेल, फेंडर वाचेल.

ताजी माहिती, माझ्याकडून

दोघांचे मनापासून आभार, दादा. आज रॅम्पवर घेऊन मोजलं. स्प्रिंग दबलेली, स्टेअरिंग फुल लॉकला, आणि २२चे राहिले फक्त ९ मिमी! तशीच बसवली असती तर पहिल्याच खड्ड्यात टायरच्या बाजूची भिंत रेलच्या टोकावर घासली असती. विचार करूनच पोटात गोळा आला.

उजवीकडचं टोक ४० मिमी कापलं, तिरकं केलं, झाकण लावलं. जुन्या फ्लॅपचा तुकडा पट्टीवर तात्पुरता टांगला, त्याला आतून खडूची पूड चोळली आणि मातीच्या रस्त्यावर हळूहळू आठचे आकडे काढले. पूड आतल्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेत पुसली गेली, बाकी जशीच्या तशी. तेवढा कोपरा गोल कापते. त्या कोपऱ्यामागून एबीएस सेन्सरची (ब्रेकसाठी चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची) वायर जाते, पट्टीची कड तिला लागू नये म्हणून कडेवर खाचेची रबरी पट्टी बसवली.

स्लीव्हसाठी पाइप कापून ठेवलाय. चासीत मूळची भोकं तीनपैकी दोनच पायांच्या जागी सापडली. पुढे आणि मागे आहेत, मधल्या पायाला नवं पाडावं लागेल, आणि नेमकी तिथेच आतल्या बाजूने इंधनाची लाइन क्लिपमध्ये बसलेली आहे. क्लिप सोडून लाइन बाजूला बांधून ड्रिल करू, की मधला पाय १०० मिमी मागे सरकवू? मागे सरकवला तर पुढचा मोकळा भाग लांब होतो आणि जॅक नेमका तिथेच लावायचा असतो. ज्यांनी तीन पायांची रेल बसवली आहे त्यांनी पायांमधली अंतरं सांगितली तर रविवारी भोक पाडायला घेईन.