क्लच सेट बदलण्याआधी थोडं थांबा

गाडी न्यूट्रलला उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून गॅरेजवाल्याने पूर्ण क्लच सेटचा खर्च सांगितला असेल तर लगेच हो म्हणू नका.

पेडल वर असतं तेव्हा इंजिनबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) फिरत असतो, अगदी न्यूट्रलमध्येसुद्धा. पेडल पूर्ण दाबलं की तो थांबतो. आवाज नेमका तेव्हाच जात असेल तर पहिला संशय त्या शाफ्टच्या बेअरिंगवर. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) गेलं असतं तर साधारणपणे उलट झालं असतं, म्हणजे पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला असता.

आधी गिअर ऑइल बघा. कितीतरी लोक इंजिन ऑइल वेळेवर बदलतात आणि हे विसरूनच जातात! पातळी कमी असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) सीलपाशी गळती शोधा. ऑइल स्वतःसमोर काढायला सांगा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर बारीक राखाडी लगदा चालतो, पण धातूचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल, आणि तोवर लांबचा प्रवास टाळा. गिअरबॉक्स खाली उतरलाच तर रिलीज बेअरिंगही बदलून घ्या, मोठी मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच असते.

चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढणारी गुणगुणही आहे का? वळणावर ती बदलत असेल तर ते व्हील बेअरिंग, तो आजार वेगळा.